गुंठेवारी आणि ग्रीन कार्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील बेकायदा स्थलांतरितांची धरपकड आणि तिच्याविरुद्ध निघणारे मोर्चे यांविषयी आपल्या दैनिकात काही दिवसांपासून वाचकांची पत्रे येत आहेत. कायदा मोडून घुसलेल्यांना हाकलले तर त्यात मोर्चे काढण्यासारखे काय आहे, असा बहुतेकांचा सूर आहे. दोन-तीन पत्रे याच्या अगदी उलट बाजूची आहेत. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात आणि पुरती एकही पटत नाही, म्हणून हे पत्र.

माझी ३१ वर्षांची नोकरी नगररचनेच्या कामात गेली. बेकायदा गोष्ट कायदेशीर कशी होते, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने, गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे घेऊन परवानगीशिवाय उभी राहिलेली घरे शुल्क आकारून नियमित करण्याची सोय झाली. मूळ कायदा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांपुरता होता. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती मर्यादा डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. ज्याने नकाशा मंजूर करून घेण्यासाठी वर्षभर खेटे घातले होते, असा एखादा गृहस्थ माझ्यासमोर बसून विचारायचा, ‘साहेब, मग आम्हीच मूर्ख ठरलो का?’ या प्रश्नाचे उत्तर मला निवृत्त होईपर्यंत देता आले नाही.

अमेरिकेने १९८६ साली अध्यक्ष रेगन यांच्या सहीने असाच कायदा केला. त्यातून सुमारे २७ लाख बेकायदा रहिवाशांना कायदेशीर वास्तव्य मिळाले आणि त्याच कायद्यात, यापुढे विनापरवाना माणसे कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंड होईल, असेही कलम होते. पहिला भाग धडाक्याने पार पडला, दुसरा बराचसा कागदावर राहिला. शेते, हॉटेले, बांधकामे आणि कत्तलखाने यांना स्वस्त मजूर हवेच होते. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये अमेरिकेतील अशा रहिवाशांची संख्या १ कोटी ४० लाखांवर गेली होती. आमच्याकडेही बिल्डर प्लॉट विकून मोकळा होत असे आणि नोटीस लागायची ती त्यात राहणाऱ्याच्या दारावर. हे लोक तिथे कर भरतात, हा त्यांच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद खरा आहे (२०२२ या एका वर्षात त्यांनी सुमारे ९,६७० कोटी डॉलर कर भरल्याचा एका संस्थेचा अंदाज आहे), पण अनधिकृत घराचा मिळकतकर भरला म्हणून ते अधिकृत होत नाही, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

आता घरातली गोष्ट. माझी मुलगी आणि जावई २००९ पासून न्यू जर्सीत आहेत. जावयांचा ग्रीन कार्डाचा अर्ज २०१४ चा आहे. नोकरीच्या आधारावर दरवर्षी साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतली सात टक्क्यांहून अधिक सहसा येत नाहीत. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणारे, दर महिन्याला निघणारे व्हिसा बुलेटिन आमच्या घरी पंचांगासारखे पाहिले जाते आणि तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी जागची हलत नाही. तीन वर्षांची असताना गेलेली माझी नात आता एकोणीस वर्षांची आहे. एकविसावे वर्ष पूर्ण झाले की वडिलांच्या व्हिसावर तिला राहता येणार नाही. लहानपणी कागदांविना आणल्या गेलेल्या मुलांसाठी ओबामा यांनी २०१२ मध्ये संरक्षणाची योजना आणली, ती योग्यच होती. मात्र माझ्या नातीसारख्या कायदेशीरपणे गेलेल्या मुलांसाठी ती योजना नव्हतीच. मोर्चातील ‘सर्वांना कागदपत्रे द्या’ ही घोषणा ऐकली की माझ्या तोंडी त्या नकाशावाल्या गृहस्थाचाच प्रश्न येतो.

तरीही २०१९ च्या हिवाळ्यात मी तिकडे असताना घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही. रात्रभर बर्फ पडला होता आणि जावयांची पाठ धरली होती, म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर कामाच्या आशेने उभ्या राहणाऱ्यांपैकी एकाला आणले. आपल्या वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी दिसते तेच दृश्य, फक्त अंगावर जाड कोट. तो फावड्याने बर्फ ओढत असताना रस्त्यावरून पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. त्याने फावडे भिंतीला टेकवले, गॅरेजच्या मागे जाऊन उभा राहिला आणि आवाज लांब गेल्यावर परत येऊन जिथे सोडले होते तिथूनच पुढे काम सुरू केले. अतिक्रमणाची गाडी आली की लक्ष्मी रस्त्यावरचा पथारीवाला जशी चादरीची चार टोके उचलतो, तशीच ती सवयीची हालचाल होती. मजुरी रोख दिली. कायद्याच्या रांगेत ताटकळणाऱ्या आमच्याच घराने त्या दिवशी कायदा वाकवला, हे जावयांच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे. मीही तो विषय काढला नाही.

जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये धाडींविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा गव्हर्नरांचा विरोध डावलून अध्यक्षांनी सुमारे ४,००० नॅशनल गार्ड आणि ७०० मरीन सैनिक पाठवले. गाड्या जाळणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. मोर्चात मेक्सिकोचे झेंडे फडकावण्याने त्यांचीच बाजू लंगडी झाली, असेही मला वाटते. (ढोल-ताशांसह तिरंग्याची मिरवणूक आपणही न्यूयॉर्कमध्ये काढतो, हे मान्य, पण ती काही मागण्यासाठी नसते). मात्र मोर्चे काढणाऱ्यांना सरसकट उपरे ठरवणाऱ्या पत्रलेखकांनी थोडे मागे पाहावे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारले. १९४६ नंतरही वर्षाकाठी जेमतेम १०० भारतीयांना स्थलांतराची परवानगी होती. वंश आणि देश पाहून ठरवलेले हे कोटे १९६५ च्या कायद्याने मोडले आणि तो कायदा, कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर उतरून मार खाऊन जे वातावरण तयार केले, त्यात झाला. कोथरूड-सहकारनगरातल्या ज्या घरांतली मुले पुढे तिकडे गेली, त्यांच्यासाठी दार उघडले ते तेव्हा.

आणि ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेले ते लष्करी विमान? १०४ भारतीय त्यातून परत आले, त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. त्यांना परत पाठवण्याचा अमेरिकेला अधिकार आहे, याबद्दल दुमत नाही. इतक्या लांबच्या प्रवासात माणसांच्या हातापायांत बेड्या घालण्याची मात्र काहीच गरज नव्हती. परतलेल्यांपैकी काहींनी एजंटांना ४०-५० लाख रुपये मोजल्याचे छापून आले. त्यांनी जमीन विकून दिलेले ते पैसे घेणारा एजंट इकडे आणि रोखीने काम करवून घेणारा मालक तिकडे, दोघांच्याही हातांना बेडी लागलेली क्वचितच दिसते.

नातीच्या कॉलेजच्या गावात असा मोर्चा निघाला, तेव्हा तिला जायचे होते. आईवडिलांनी नको म्हटले आणि तिने मला फोन केला, बहुधा आबा तरी हो म्हणतील या आशेने. मीही ‘जाऊ नकोस’ असेच म्हणालो. तिने वाद घातला नाही. एकविसाव्या वाढदिवसाला दीड वर्ष उरले आहे आणि तोवर मोर्चाच्या कुठल्याही फोटोत आपण दिसता कामा नये, हे तिला मी सांगण्याआधीच ठाऊक होते.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे