उन्हाळ्याचे माहितीपत्रक दिवाळीत विकल्याबद्दल तक्रार

ठाणे,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुंबई कार्यालय

विषय : ग्रीस-तुर्कस्तान क्रूझ (२७ ते ३१ ऑक्टोबर २०२५) – केबिन, बंदरांवरील वेळा व किनाऱ्यावरील सहली यांतील त्रुटी आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्यामार्फत आमच्या गटातील १४ जणांनी ६ केबिन घेऊन वरील क्रूझ केली. मार्ग असा होता : सोमवारी पिरेअसहून (अथेन्सचे बंदर) सुटून संध्याकाळी मिकोनोस, मंगळवारी सकाळी कुशादासी व संध्याकाळी पॅटमॉस, बुधवारी रोड्स, गुरुवारी सकाळी हेराक्लिऑन व दुपारनंतर सँटोरिनी, शुक्रवारी सकाळी परत पिरेअस. बोटीने सर्व वेळा पाळल्या, जेवण चांगले होते, कर्मचारी मदतीला तत्पर होते. त्यामुळे ही तक्रार बोटीविरुद्ध नाही. बोटीच्या वेळापत्रकावर आपण जी सहल बेतली, तिच्याविरुद्ध आहे. जून महिन्याचे माहितीपत्रक तारखा बदलून दिवाळीच्या सुट्टीत विकले गेले आणि ते एकदाही घड्याळाशी ताडून पाहिले गेले नाही, असे आमचे म्हणणे आहे.

सर्वांत महागड्या चुकीपासून सुरुवात करतो. ‘इया गावातून जगप्रसिद्ध सूर्यास्त’ या सहलीसाठी आपण माणशी ९५ युरो घेतले. बोट सँटोरिनीला पोहोचण्याची छापील वेळ दुपारी ४:३०. जूनअखेर तिथे सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणजे हाताशी चार तास असतात आणि सहल आरामात होते. पण युरोपातील घड्याळे २६ ऑक्टोबरला एक तास मागे गेली. ३० ऑक्टोबरला सँटोरिनीचा सूर्यास्त ५:२५ च्या सुमारास होता. ही माहिती कोणत्याही फोनवर वर्षभर आधी पाहता येते.

आता उरलेल्या ५५ मिनिटांचा हिशेब. सँटोरिनीला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. कॅल्डेरा म्हणजे ज्वालामुखीचे बुडालेले तोंड. तिथे पाणी शेकडो मीटर खोल असल्याने बहुतेक जागी नांगरही टेकत नाही. बोट पाण्यात उभी राहते आणि माणसे लाँचने किनाऱ्याला जातात, आपण गेटवेहून घारापुरीला जातो तशी. बंदराची परवानगी मिळून पहिली लाँच सुटायला १५ ते २० मिनिटे जातात. सहलीच्या प्रवाशांना अथिनिओस बंदरावर उतरवतात, कारण बस तिथेच येते. फिरा शहराखालच्या जुन्या बंदराला गाडीरस्ता नाही. अथिनिओसहून नागमोडी घाट चढून इया सुमारे २० किलोमीटर, म्हणजे पाऊण तास. आमची बस ५:२० ला हलली. सूर्य मावळला तेव्हा ती घाटातल्या दुसऱ्या वळणावर, डोंगराच्या कुशीत होती. इयाला पोहोचलो ते सहा वाजून गेल्यावर, अंधारात. आपल्या टूर मॅनेजरने ‘ढगांमुळे दिसला नाही’ असे ग्रुपवर लिहिले आहे. आकाश निरभ्र होते, फोटो सोबत जोडले आहेत.

यात खेदाची गोष्ट अशी की सहल न घेता सूर्यास्त दिसू शकला असता. पहिल्या-दुसऱ्या लाँचने जुन्या बंदरावर उतरायचे, केबलकारने तीनेक मिनिटांत फिराला चढायचे आणि तिथल्याच कठड्यापाशी उभे राहायचे. फिरा कॅल्डेराच्या पूर्व काठावर आहे, समोर थेट पश्चिम. सव्वापाचपर्यंत माणूस वर पोहोचतो. आम्ही ९५ युरो भरून बसमध्ये बसलो, म्हणून तो चुकला.

परतीबद्दलही आपल्या पत्रकात एक अक्षर नाही. बस फिराला सोडून निघून जाते आणि तिथून खाली जुन्या बंदरावर ज्याचे त्याने उतरायचे असते. दोन वाटा आहेत : केबलकार, नाहीतर पाचशे ऐंशीहून अधिक पायऱ्या. याच पायऱ्यांवरून गाढवेही जा-ये करतात, त्यामुळे त्या अंधारात निसरड्या व घाणेरड्या असतात. केबलकारच्या एका खेपेत ३६ माणसे मावतात. हजार-बाराशे प्रवासी शेवटच्या तासाला एकदम निघाले की रांग पाऊण तासावर जाते. तेव्हा शेवटच्या लाँचच्या किमान दीड तास आधी रांगेत लागा, गुडघेदुखी असलेल्यांनी त्याहून आधी, ही सूचना सहल विकणाऱ्याने लेखी द्यायची असते. आमच्यातल्या दोन ज्येष्ठांना शेवटी पायऱ्या उतराव्या लागल्या.

मिकोनोसचीही तीच कथा. ‘पवनचक्क्यांपाशी मावळतीचे रंग’, माणशी ४५ युरो. बोट संध्याकाळी ६ ला पोहोचणार हे आपल्याच वेळापत्रकात होते. सूर्य त्याआधी अर्धा तास मावळलेला. नवे बंदर तूर्लोसला आहे, गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर. तिथून गावात जायला सार्वजनिक सी-बस (प्रवासी होडी) मिळते, त्या अंतरासाठी खासगी बसची गरज नाही. शिवाय ऑक्टोबरअखेर तिथला हंगाम संपतो आणि बरीच दुकाने, खानावळी कुलूप लावून बसतात. गल्ल्या सुंदर आहेत, रात्रीही. पण विकली गेलेली वस्तू ती नव्हती.

कुशादासीला झालेला घोटाळा जास्त गंभीर आहे, कारण त्यात चार जणांची बोट चुकू शकली असती. तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळे मागेपुढे करणे बंद केले आहे. उन्हाळ्यात ग्रीस आणि तुर्कस्तान यांची वेळ एकच असते, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर तुर्कस्तान एक तास पुढे असतो. आमच्या बोटीने आपली वेळ ग्रीसचीच ठेवली होती आणि तसे आदल्या रात्रीच्या दैनिक पत्रकात छापलेही होते. आपल्या टूर मॅनेजरने मात्र त्याचा उल्लेख केला नाही. इफेसस या कुशादासीजवळच्या प्राचीन शहराच्या अवशेषांतल्या स्थानिक गाइडने ‘साडेअकराला खालच्या दरवाजापाशी’ असे सांगितले ते तुर्की वेळेने. ज्यांच्या फोनने वेळ आपोआप बदलली होती ते वेळेवर पोहोचले. ज्यांच्या मनगटावर बोटीच्या वेळेचे घड्याळ होते ते चौघे आपल्या हिशेबाने अचूक साडेअकराला आले, म्हणजे एक तास उशिरा. बस निघून गेली होती. त्यांनी ४० युरो देऊन टॅक्सीने सुमारे १८ किलोमीटरवरचे बंदर गाठले. बोटीवर परतण्याची अंतिम वेळ १२:३० होती, ते १२:०५ ला पोहोचले.

बंदर बदलले की जमण्याची प्रत्येक वेळ दोनदा सांगायची, ‘बोटीच्या घड्याळाने इतके, गावच्या घड्याळाने तितके’, हा या धंद्यातला अगदी प्राथमिक नियम आहे. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे ही सहल बोटीची नव्हती, आपण स्वतंत्रपणे ठरवलेली होती. बोटीच्या अधिकृत सहलीला उशीर झाला तर बोट शक्यतो थांबते, नाहीतर प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी घेते. खासगी बसमधल्या प्रवाशांसाठी ती थांबत नाही. पुढचे बंदर गाठण्याचा सगळा खर्च प्रवाशाचा, आणि इथे तर पुढचे बंदर दुसऱ्या देशात. खासगी सहल स्वस्त पडते, ती घेण्यात गैर काही नाही, पण हा फरक ग्राहकाला पैसे घेण्याआधी सांगावा लागतो आणि परतीला किमान तास-दीड तास राखून ठेवावा लागतो. आपण तो राखलेला वेळ कुठे घालवला, तर गालिच्यांच्या दुकानात. सव्वा तास! पत्रकात या दुकानाचे नाव नव्हते. त्याच सव्वा तासात इफेससमधली उतारावरची जुनी घरे पाहून झाली असती. त्यांचे तिकीट वेगळे असते, ते ‘सहलीत समाविष्ट’ असे छापले होते, आणि ‘वेळ नाही’ म्हणून ती वगळली गेली.

रोड्सबद्दल तक्रार नाही. बोट जुन्या शहराच्या तटबंदीजवळच लागते आणि माणूस चालत आत जातो. ‘जुने शहर दर्शन’ यासाठी बस कशाला ठेवली होती, हे मात्र अजून कोणाला कळलेले नाही. हेराक्लिऑनला सकाळी ७ ते १२ मुक्काम होता. उतरायला अर्धा तास, परत चढायला अर्धा तास वजा केला की हातात चार तास राहतात. पाच किलोमीटरवरचे नोसोस (प्राचीन राजवाड्याचे अवशेष) नीट पाहता येते, जोडीला संग्रहालय किंवा बाजार यांपैकी एक. आपण तिन्ही छापले होते.

आता केबिन. ‘समुद्राकडील खिडकी’ या श्रेणीचे पैसे आम्ही सहाही केबिनसाठी भरले. केबिन क्रमांक ‘निघण्यापूर्वी कळवू’ असे सांगण्यात आले. याला क्रूझच्या भाषेत गॅरंटी केबिन म्हणतात. श्रेणीची हमी, जागेची नाही, बोटीवर जे उरेल ते मिळते. म्हणूनच ती क्रमांक निवडून घेतलेल्या केबिनपेक्षा स्वस्त असते. आपण दर क्रमांकाचा लावला आणि दिली गॅरंटी. परिणाम असे : दोन केबिनच्या खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली, दिसायला फक्त तिचा नारिंगी बुडखा. ‘अडथळा असलेले दृश्य’ ही बहुतेक क्रूझ कंपन्यांकडे वेगळी आणि कमी दराची श्रेणी असते. एक केबिन पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली, तिथे पहाटे पाचला खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू. एक अगदी नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, जिथे बोट बंदरात शिरताना आडव्या पंख्यांची घरघर गादीतून जाणवते. तिथे आपण बोट लागण्याचा त्रास असलेल्या बाईंना ठेवले, आणि हा त्रास नोंदणी अर्जात लिहिलेला होता. अशांना मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन द्यायची, तिथे हेलकावे सर्वांत कमी असतात. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेला डेक निवडला की आवाजाचा प्रश्नही सुटतो. त्यासाठी डेकचा नकाशा उघडावा लागतो, इतकेच.

तिघांच्या एका केबिनमध्ये तिसरी बर्थ छतातून खाली येणारी, शिडीने चढायची होती. ती आपल्या यादीप्रमाणे ७१ वर्षांच्या आजोबांच्या नावे होती. ‘तिघांची केबिन’ म्हणजे खाली दोन आणि वर एक, हे आरक्षणाच्या वेळी सांगितले असते तर आम्ही दोघा-दोघांच्या केबिन घेऊन वरचे पैसे भरले असते.

सप्टेंबरमध्ये व्हिसासाठी आपण दिलेल्या पत्रात फक्त ग्रीसचा उल्लेख होता, हेही नोंदवतो. मधल्या दिवशी बोट तुर्कस्तानला जाऊन परत येते, म्हणून शेंगेन व्हिसा (ग्रीससह अनेक युरोपीय देशांचा सामाईक, ज्यात तुर्कस्तान नाही) एकाहून अधिक प्रवेशाचा लागतो. चूक आम्ही पकडली म्हणून निभावले.

शेवटी प्रवासी शुल्क. ग्रीसने २१ जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावले आहे. मिकोनोस आणि सँटोरिनी येथे जून ते सप्टेंबर माणशी २० युरो, एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये १२ युरो. आपल्या बिलात दोन्ही ठिकाणी २० युरो लावले आहेत. सूर्य उन्हाळ्याचा देता आला नाही, शुल्क मात्र उन्हाळ्याचे घेतले.

आमची मागणी पुढीलप्रमाणे आहे. इया सहलीचे १४ जणांचे १,३३० युरो आणि मिकोनोस सहलीचे ६३० युरो पूर्ण परत करावेत. शुल्कातील जादा रक्कम माणशी १६ याप्रमाणे २२४ युरो, आणि टॅक्सीचे ४० युरो द्यावेत. इफेससच्या न दाखवलेल्या घरांच्या तिकिटाची रक्कम द्यावी. नौकेआडच्या दोन केबिनमधील चार प्रवाशांना आपल्याच दरपत्रकानुसार समुद्राकडील आणि आतल्या केबिनमधला फरक, माणशी १८,५०० प्रमाणे ७४,००० रुपये मिळावेत. उरलेल्या चार केबिनसाठी क्रमांकाचा दर आणि गॅरंटीचा दर यांतील फरक किती, हे क्रूझ कंपनीच्या मूळ बिलासह कळवावे आणि तो परत करावा. पुढील सहलीवर सवलतीचे कूपन आम्हाला नको.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर आणि रक्कम न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या मुद्द्यांवर आम्ही ठाणे येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, त्यामुळे ‘वाद फक्त मुंबईच्या अखत्यारीत’ हे पावतीमागचे वाक्य उत्तरात पुढे करू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद आधीच केली आहे.

एक विनंती या रकमेपलीकडची : आपल्या संकेतस्थळावर पुढच्या दिवाळीची हीच सहल विक्रीला लागली आहे आणि तिच्यात इयाचा सूर्यास्त तसाच आहे. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. तेव्हा सूर्य आणखी काही मिनिटे लवकर मावळेल. ती ओळ आजच काढावी.

आपले,
गटातील १४ प्रवासी

सोबत : बिले व पावत्या, माहितीपत्रक, बोटीची दैनिक पत्रके, केबिनच्या खिडक्यांचे व ३० ऑक्टोबरचे वेळेसह फोटो, टॅक्सीची पावती, नोंदणी अर्जाची प्रत.