विषय : चुकीच्या सूचनेमुळे खराब झालेला ८००० ग्रिटचा जपानी दगड बदलून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

दोन महिन्यांपूर्वी तुमच्याकडून धार लावायचे दोन जपानी दगड मागवले. एक १००० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक) आणि दुसरा ८०००चा, म्हणजे ज्याला जपानीत शिआगेतो म्हणतात तो, शेवटचा हात फिरवायचा. ऑर्डर क्रमांक, पावती आणि फोटो सोबत जोडले आहेत. पॅकिंग उत्तम होतं आणि १०००चा दगड आजही झकास चालतो. तक्रार आहे ती फक्त ८०००ची.

दोन्ही खोक्यांत एकच छापील कागद होता : ‘बुडबुडे थांबेपर्यंत दगड भिजवा. रोज वापर असल्यास कायम पाण्यात ठेवला तरी चालेल.’ माझं काम सुतारकीचं, रंध्याचं पातं आणि पटाश्या रोज धारेला येतात. म्हणून दोन्ही दगड एकाच टबात ठेवले. ८०००मधून बुडबुडे जवळजवळ आलेच नाहीत, तेव्हाच शंका यायला हवी होती म्हणा. पण कागद तुमचा होता आणि तुम्ही याच विषयातले जाणकार म्हणवता.

तीन आठवड्यांनी त्या दगडावर पटाशी टेकवली तर तिचा कोपरा सरळ आत रुतला. नखाने खरवडलं तर ओल्या खडूसारखा लगदा नखात आला. बाहेर काढून सुकू दिला, तर दुसऱ्या दिवशी आखूड बाजूला केसाएवढी भेग. आता ती अर्ध्या रुंदीपर्यंत गेली आहे आणि तिच्या कडेचे कण सुटतात. जपानी मानकानुसार १०००च्या दगडातला कण सरासरी साडेअकरा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, ८०००चा जेमतेम १.२. इतक्या बारीक दगडावर भेगेचा एक कपचा पात्याखाली आला की आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडा उठलाच.

यावर तुमचं उत्तर आलं : ‘हा दगड मॅग्नेशियाने बांधलेला आहे. असे दगड जास्त वेळ पाण्यात राहिले तर मऊ पडतात आणि सुकताना तडकतात. वापर चुकीचा झाल्याने बदलून मिळणार नाही.’ माहिती अगदी बरोबर आहे. मॅग्नेशिया म्हणजे दगडाचे कण धरून ठेवणारं, न भाजता घट्ट होणारं एक प्रकारचं सिमेंट. वरून पाणी शिंपडून वापरायचा दगड आहे हा! पण हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, तर खोक्यात दुसऱ्याच दगडाचा कागद कसा? तुमच्या विक्रीच्या पानावरही फक्त ‘सिंथेटिक, ८०००’ एवढंच लिहिलं होतं. ऑर्डरच्या दिवशीची त्याची प्रत माझ्याकडे आहे. भट्टीत भाजलेला दगड महिनोन्‌महिने पाण्यात राहतो, मॅग्नेशियाचा राहत नाही. हा फरक ग्राहकाने दगड फोडून शिकायचा का?

मला तोच दगड नवा हवा, किंवा त्याचे पूर्ण पैसे परत. कूपन नको. शिवाय तो कागद ८०००च्या खोक्यात टाकणं आजच बंद करा आणि ज्यांना ज्यांना तो गेलाय त्यांना ईमेल करून दगड टबातून बाहेर काढायला सांगा. सावलीत, हळूहळू सुकवायला सांगा. उन्हात ठेवला तर उरलासुरलाही जाईल.

दहा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन. खराब दगड वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. तपासायला हवा असेल तर तो नेण्याची व्यवस्था तुम्ही करा, त्याचे दोन तुकडे व्हायच्या आत.

तुमचा एक ग्राहक