सिकलसेलचं कार्ड दिलं, आता त्या कार्डधारकाला संरक्षण पण द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जीन एडिटिंगबद्दल, म्हणजे जीनमध्ये ठरवून बदल करण्याबद्दल, हल्ली पेपरमध्ये आणि टीव्हीवर जे येतं त्यात बहुतेक वेळा 'डिझायनर बेबी'चीच चर्चा असते, उंची, रंग, बुद्धी वगैरे. मी विदर्भात एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होते, आता रिटायर झालेय, आणि सिकलसेलच्या (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) टेस्ट करण्यात माझी बरीचशी नोकरी गेली म्हणून मला हा विषय जरा वेगळा दिसतो. आमच्याकडे जीन बघून माणसाला बाजूला काढणं केव्हाचं सुरू आहे आणि त्याला कुठलं मोठं तंत्रज्ञान लागलेलं नाही, दोन थेंब रक्त आणि टेस्टचा निकाल लिहिलेलं एक कार्ड एवढ्यावर ते होतं.

टेस्ट साधी असते. सोल्युबिलिटीच्या ट्यूबमध्ये रक्त टाकायचं, ट्यूबमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या नाहीत की पॉझिटिव्ह, मग इलेक्ट्रोफोरेसिस करून, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळं करून बघून, एएस की एसएस ते ठरतं. एसएस म्हणजे आजार, तो फार वाईट, अंगदुखीचा क्रायसिस आला की लेकरू रात्रभर कळवळतं आणि आईबाप नुसते बघत बसतात. एएस म्हणजे फक्त वाहक, दोनपैकी एकच जीन सदोष असलेला, त्याला साधारणपणे काहीही होत नाही, तो शेतात काम करतो, लग्न करतो, म्हातारा होतो. दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के, पण जोडीदार नॉर्मल असेल (आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वगैरे वाहक नसेल) तर एसएस मूल होत नाही. एवढं साधं गणित आहे, पण गावात कार्ड पोचलं तसं हे गणित पोचलं नाही.

एका मुलीची आई माझ्याकडे लॅबमध्ये आली होती. मुलीचं जमलेलं होतं, साखरपुड्याची तारीख निघालेली, तेवढ्यात मुलाकडच्या कुणीतरी कार्ड मागितलं, मुलगी एएस आहे हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी नकाराचा फोन. मी विचारलं मुलाचा रिपोर्ट काय आहे, तर मुलाची टेस्ट झालेलीच नव्हती, कुणी मागितलीच नव्हती! ती बाई हात जोडून म्हणाली, मॅडम कार्डावर नॉर्मल लिहून द्या ना. मी अर्थातच नाही लिहून दिलं, खोटा रिपोर्ट देणं म्हणजे पुढच्या लेकराच्या जिवाशी खेळ. पण तिला मी मुलाला घेऊन या, त्याची पण टेस्ट करू यापलीकडे काही सांगू शकले नाही आणि मुलगा काही आला नाही. अशा नकाराचा भार जवळजवळ नेहमी मुलीवर येतो, हे मी लॅबच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलंय.

आणि हा जीन आपल्याकडे कुणाच्या पापामुळे आलेला नाही. एएस माणसाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हा जीन टिकला, गडचिरोली नंदुरबारच्या आदिवासींमध्ये आहे, विदर्भातल्या बौद्ध समाजात आहे. ज्यांना आधीच जातीवरून बाजूला बसवलं त्यांच्याच हातात आता 'तुझ्या रक्तात दोष आहे' असा कागद जातोय, याचा विचार टेस्ट करणाऱ्यांनी करायलाच पाहिजे.

अमेरिकेत हे सगळं होऊन गेलंय. तिथे 1970 च्या दशकात काळ्या लोकांच्या सिकलसेल टेस्ट धडाक्यात सुरू झाल्या, काही राज्यांनी सक्तीच्या केल्या, समुपदेशन नीट नाही, गुप्तता नाही, मग नुसत्या वाहक असलेल्या धडधाकट लोकांना नोकरी आणि विम्यात त्रास झाला, एअर फोर्स अकादमीने तर वाहकांना प्रवेशच बंद ठेवला होता तो 1981 मध्ये कोर्टकचेरीनंतर उघडला. पुढे 2008 मध्ये तिथे 'जिना' कायदा आला, जेनेटिक माहितीवरून नोकरी किंवा आरोग्य विमा नाकारायचा नाही असा. लाइफ इन्शुरन्स त्यात नाही, म्हणजे तोही अर्धाच, पण निदान आहे.

आपल्याकडे? 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं टार्गेट. मिशन चांगलंच आहे, लवकर निदान झालं की हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू होतं, पोरं जगतात. पण 7 कोटी लोकांचा जेनेटिक रिपोर्ट तयार करताना तो कुणी मागू शकतो आणि कुणी नाही, हे सांगणारा खास कायदा नाही. दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी 2018 मध्ये एका हृदयरोग्याच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलं की जेनेटिक आजाराच्या नावाखाली सरसकट आरोग्य विमा नाकारणं हा भेदभाव आहे, त्यानंतर मार्चमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना त्या कारणाने क्लेम नाकारू नका असं सर्क्युलर काढलं. पण सर्क्युलर म्हणजे कायदा नव्हे, आणि नोकरीबद्दल त्यात काही नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात जेनेटिक माहितीला वेगळा दर्जाही दिलेला नाही.

आता उपचाराचं. कॅसजेव्ही नावाची क्रिस्पर (जीन कापून बदलायचं तंत्र) थेरपी 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केली, पेशंटच्याच रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल काढून त्यात बदल करून परत घालतात. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. आमच्या पेशंटला एसटीचं भाडं जमवायला लागतं, त्यामुळे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत स्वस्त देशी थेरपीवर काम चाललंय ते मला फार महत्त्वाचं वाटतं, त्याला पैसा कमी पडू देऊ नये. हा बदल त्या पेशंटपुरताच राहतो, मुलाबाळांत जात नाही, म्हणून माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे.

भ्रूणात बदल करणं मात्र वेगळं. 2018 मध्ये चीनच्या हे जियानकुईने एचआयव्ही होऊ नये म्हणून जुळ्या मुलींचा सीसीआर5 जीन (ज्याच्या आधारे एचआयव्ही पेशीत शिरतो) भ्रूणावस्थेतच बदलला, त्याला 3 वर्षं तुरुंगवास झाला, पण त्या मुलींच्या अंगात ते बदल आयुष्यभर राहणार आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या गाइडलाइन्समध्ये याला बंदी आहे, पण गाइडलाइनवर किती विसंबायचं? सोनोग्राफी आणि गर्भजल तपासणी पण आजार शोधायला आली होती, तिचं काय झालं ते महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे, 1988 मध्ये देशात सगळ्यात आधी कायदा आपल्याच राज्याला करावा लागला, तोपर्यंत कितीतरी मुली गेल्या होत्या. जिथे आज एएस मुलीचं लग्न मोडतं तिथे उद्या भ्रूण निवडायची सोय आली तर लोक आजारी एसएससोबत ठणठणीत एएस पण काढून टाकायला लागतील, मला याची खरी भीती वाटते.

कायद्याने कुणाचं लग्न लावता येत नाही हे मला कळतं. पण टेस्ट दोघांची झाल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, कार्डासोबत समुपदेशन सक्तीचं, मालकाने किंवा विमा एजंटने कार्ड मागितलं तर दंड, रिपोर्ट फोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई, हे तर करता येतं ना? हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, सिकलसेलचा पट्टा तिथून दूर नाही. विदर्भातल्या एखाद्या आमदाराने, कुठल्याही पक्षाच्या, सभागृहात आरोग्यमंत्र्यांना एवढं विचारावं की एएस कार्डामुळे कुणाला कामावरून काढलं तर त्याने तक्रार नेमकी कुठल्या ऑफिसात करायची, आणि उत्तर लेखी घ्यावं.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, चंद्रपूर जिल्हा