पंकच्या लेखात टेपरेकॉर्डर कुठे आहे?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पंक म्युझिकवर, म्हणजे रागाने ओरडून गायच्या साध्या, धडधडीत रॉकवर, पानभर लेख आला तो मी दोनदा वाचला. लंडन झालं, न्यूयॉर्क झालं आणि शेवटी रशियाला दोन ओळी, की तिकडे पण बाहेरचं बघून काही बँड निघाले आणि केजीबीने ते दाबून टाकले. एवढंच. मला ते फार लागलं, म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कुठे कापायचं तर कापा, पण टेपचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी कोण हे सांगणारा ते आधी सांगतो. १९८४ पासून बारा वर्षं मी भुसावळला स्टेशनजवळ दादाच्या दुकानात कॅसेट भरून द्यायचो. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचं, "भो, मनी कॅसेट भरी ठेवजो" म्हणायचं आणि पॅसेंजर पकडायला पळायचं. साठची कॅसेट, नव्वदची कॅसेट, नव्वदची टेप पातळ असते ती लवकर गुंतते, मग पेन्सिल घालून फिरवत बसा. टेप वाचणारं मशीनचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, आवाज दबका वाटला तर हेडजवळचा बारीक स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि कान लावून ऐकायचं. एक गोष्ट त्या कामात कायमची कळली, कॉपीची कॉपी केली की मागे सूऽऽ असा आवाज वाढत जातो. तिसऱ्या कॉपीला झांजा जातात, पाचव्या कॉपीला गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं.

गेल्या दिवाळीत पुण्याला शिकणारा पुतण्या आला होता, त्याने फोनवर एक रशियन गाणं लावलं. शब्द एक पण कळला नाही. पण मागची सूऽऽ मी लगेच ओळखली, अरे ही तर कॉपीची कॉपी आहे! त्याला म्हटलं हे कोण रे, तर म्हणाला काका, सायबेरियाचा पंक बँड आहे, नाव ग्राझदान्स्काया ओबोरोना. म्हणजे आपलं नागरी संरक्षण दल. आम्ही ऑर्डनन्स फॅक्टरीच्या भोंग्यावर वाढलेली माणसं, ब्लॅकआऊटला खिडक्यांना कागद लावलेले मला आठवतात, त्यामुळे हे नाव डोक्यात बसलंच. तिकडे शाळेत पोरांना गॅसमास्क घालायला शिकवायचे, त्या विषयाचं हे नाव, आणि त्याची पहिली अक्षरं जोडली की होतं ग्रोब, रशियनमध्ये शवपेटी.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचतोय, पुतण्या भाषांतर करून पाठवतो.

तो बँड १९८४ मध्ये ओम्स्क शहरात येगोर लेतोव्ह नावाच्या वीस वर्षांच्या पोराने काढला. ओम्स्क मॉस्कोपासून रेल्वेने जवळजवळ २,७०० किलोमीटर. सायबेरियातल्या या पंकची दुसरी दोन ठिकाणं म्हणजे त्युमेन आणि नोवोसिबिर्स्क, आणि ही तिन्ही ट्रान्स-सायबेरियन लाइनवरची स्टेशनं आहेत हे नकाशात बघितल्यावर मला जे वाटलं ते जंक्शनच्या माणसालाच कळेल. राजधानीत नाही, लाइनवर. आमच्याकडे पण मुंबईचं नवीन गाणं पेपरच्या आधी गार्डच्या डब्यातून यायचं.

लेखात "बाहेरचं बघून" म्हटलंय ते अर्धंच खरं. बीबीसीच्या रशियन सर्व्हिसवर सेवा नोवगोरोद्त्सेव्ह १९७७ पासून रॉकचा कार्यक्रम करायचे, तो खरखरीतून ऐकून पोरांना कळलं की पंक असं काही असतं. लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, आंद्रेई पानोव्हने, ज्याला सगळे स्विन म्हणजे डुक्कर म्हणायचे, १९७९ मध्ये पहिल्या बँडांपैकी एक उभा केला. एस्टोनियात प्रोपेलर नावाचा बँड होता, १९८० च्या सप्टेंबरमध्ये ताल्लिनला फुटबॉल मॅचनंतरचा त्यांचा कार्यक्रम मध्येच बंद केला तर पोरं रस्त्यावर उतरली, बँडवर बंदी आली. पण कारण वेगळं होतं हे लक्षात घ्या. लंडनच्या पोरांना काम नव्हतं. लेनिनग्राडच्या पोरांना काम नाकारायची सोय नव्हती, बेकार राहणं हाच गुन्हा, त्याला परजीवीपणा म्हणायचे आणि त्यात शिक्षा व्हायची. म्हणून हे गाणारे लोक वॉचमन, झाडूवाले, बॉयलरवाले झाले, म्हणजे कागदावर नोकरी आणि डोकं मोकळं. किनो बँडचा व्हिक्टर त्सोय, तो काही पंक राहिला नाही पण पानोव्हच्याच टोळक्यातून आलेला, तो लेनिनग्राडच्या एका बॉयलर रूममध्ये कोळसा टाकायचा. त्या खोलीला कामचाटका म्हणायचे. माझे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, फावडं मारून आलेल्या माणसाचे हात कसे होतात ते मी रोज बघितलंय, त्या हातांनी तो परत गिटार धरायचा याचं मला फार वाटतं.

आता टेप.

सोव्हिएत युनियनमध्ये रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच, सरकारी, मेलोदिया. ती यांचं काही काढणार नव्हती. १९८१ ला लेनिनग्राडला रुबिनस्टाईन स्ट्रीटवर रॉक क्लब उघडला, पण तिथे गायचं तर आधी गाण्याचे शब्द मंजूर करून घ्यायचे, आणि केजीबीचं लक्ष होतंच. छापखाने तर सरकारच्याच कुलुपात. पण टेपरेकॉर्डर? ते सरकारच स्वतःच्या कारखान्यात बनवून लोकांना घरी वापरायला विकत होतं! मोठ्या स्पूलचे मशीन, स्वेमा आणि तास्मा कंपनीची टेप. दोन मशीन शेजारी ठेवल्या, मध्ये एक वायर टाकली, झाली कंपनी. त्याला मॅग्निटइझदात म्हणायचे, म्हणजे टेपवरचं प्रकाशन. स्पूल अर्ध्या स्पीडला चालवला की दुप्पट गाणी मावतात पण आवाज मार खातो, हे गणित तिथल्या पोरांनी केलं आणि इथे आम्ही नव्वदच्या कॅसेटवर केलं.

त्याच्या आधीची गोष्ट तर ऐकून मी गप्पच झालो. १९४० च्या शेवटी आणि पन्नाशीत टेप नव्हती तेव्हा लोक दवाखान्यातून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म आणायचे, कात्रीने गोल कापायचे, मध्ये सिगारेटने भोक पाडायचं आणि घरी बनवलेल्या मशीनवर त्यात गाणं कोरायचं. एकाच बाजूला वाजायचं, थोड्याच वेळा वाजवलं की झिजायचं. उजेडाला धरलं की कोणाच्या तरी बरगड्या दिसायच्या, म्हणून त्याला बरगडीवरचं संगीत म्हणायचे. कोणा आजारी माणसाच्या छातीच्या फोटोवर कोणीतरी नाचाचं गाणं कोरलं, आणि पकडलं तर जेल, तरी कोरलं.

लेनिनग्राडला आंद्रेई त्रोपिल्लो म्हणून माणूस होता, तो सरकारी बालभवनात मुलांना रेकॉर्डिंग शिकवायचा वर्ग घ्यायचा आणि त्याच स्टुडिओत या बँडांची गाणी भरायचा. अक्वारियम बँडवाले तर स्पूलच्या खोक्यावर खरे फोटो चिकटवून कव्हर करायचे. एक एक खोकं हाताने. तुमच्या लेखात यातलं काही नाही, माझं दुखणं तेच आहे.

लेतोव्हकडे तर बालभवन पण नव्हतं. १९८५ च्या डिसेंबरमध्ये त्याला पकडून मनोरुग्णालयात टाकलं, तीन महिने. त्याचा जोडीदार रियाबिनोव्ह, हृदयाचा त्रास असून फौजेत पाठवला. औषधांच्या डोसने आपली नजर काही काळ गेली होती असं लेतोव्हने नंतर सांगितलं, आणि वेडं होऊ नये म्हणून तिथे लिहित राहिलो असंही. बाहेर आला तर बँडच नाही. मग १९८७ च्या उन्हाळ्यात याने काय केलं, ओम्स्कच्या आपल्या फ्लॅटमध्ये एकट्याने ड्रम भरले, त्यावर बेस, त्यावर गिटार, त्यावर आवाज, आणि असे पाच अल्बम काढले. एका थरावर दुसरा थर टाकताना प्रत्येक वेळी ती सूऽऽ वाढते, मी सांगतो ना, मला माहितीये. कोणी म्हणेल रेकॉर्डिंग खराब आहे. ते खराब नाही, तेवढ्याच सामानात तेवढाच राग मावला. मग परत दवाखान्यात नेतील म्हणून त्याच वर्षी तो आणि यांका द्यागिलेवा ही गाणारी पोरगी घर सोडून देशभर फिरत राहिले, डिसेंबरपर्यंत.

ही यांका नोवोसिबिर्स्कची. तिचं मी पुतण्याला परत परत लावायला सांगतो. तिच्या गाण्यात जुनी लोकगीतं, लहान मुलांच्या कविता, रडगाणी सगळं येतं, आमची आजी जात्यावर ओव्या म्हणायची त्यात जसं हसू आणि रडू एकाच ओळीत यायचं तसं. १९९१ च्या मे महिन्यात ती नदीत बुडालेली सापडली, चोवीस वर्षांची होती. याच्यावर मला अजून काही लिहिता येत नाही.

आणि त्या काळात आम्ही काय बघत होतो? घरी रशियाचं गुळगुळीत मासिक यायचं, ट्रॅक्टर आणि हसऱ्या बाया, वर्ष संपलं की पोरांच्या वह्यांना कव्हर. छान कव्हर बसायचं, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी, १९८५ मध्ये, तिकडच्या निकोलायेव्ह शहरात कोमसोमोलने, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या तरुणांच्या संघटनेने, बंदीची यादी काढली होती, कोणता परदेशी गायक कशासाठी वाईट. सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश त्यात असणारच, पण हुलिओ इग्लेसियास हा प्रेमगीतं गाणारा माणूस पण नवफॅसिझमसाठी यादीत. त्या मासिकात हे कुठून येणार.

लेतोव्हचं सगळंच मला पटतं असं नाही. १९९० ला त्याने ताल्लिनच्या कार्यक्रमात बँड मोडला, पुढे परत उभा केला आणि राष्ट्रवादी-कम्युनिस्ट लोकांच्या मागे गेला, ते वाचून मला वाईट वाटलं. २००८ ला ओम्स्कलाच वारला. पण त्याची गाणी सोव्हिएत काळात त्या लाइनच्या पार टोकाला व्लादिवोस्तोकपर्यंत कोणी पोचवली? ज्यांची नावं कुठेच नाहीत त्यांनी, रात्री दोन मशीन लावून बसणाऱ्यांनी, रिकाम्या टेपचे पैसे पण स्वतःच्या खिशातून. आम्ही भरायचो ते पैशासाठी आणि विनापरवाना, त्याला त्यांच्या बरोबरीने ठेवत नाही मी. पण काम तेच होतं, म्हणून त्यांच्या वतीने बोलतोय.

तर एक, रशियावर परत लिहा, पूर्ण पान, आणि सायबेरियापासून सुरू करा. दुसरं खान्देशासाठी. आमच्या दुकानात लोक अहिराणी गाणी, कानबाईची गाणी, लग्नातल्या शिव्या-गाणी घरच्या टेपवर भरून कॉपी करायला आणायचे, त्या कंपनीच्या नव्हत्या, एकेकच होत्या. गाणाऱ्या बायांपैकी आता कोणी नसेल. त्या कॅसेट कुठेतरी ट्रंकेत, माळ्यावर बुरशी धरून पडल्या आहेत. तुमच्या पेपरात चार ओळींचं आवाहन टाका की फेकू नका, तुमच्या जळगाव किंवा धुळ्याच्या ऑफिसला आणून द्या. माझ्याकडचं डबल डेक, म्हणजे दोन कॅसेटचं कॉपी करायचं मशीन, चालू आहे, बेल्ट मी मागच्याच महिन्यात बदललाय, बुरशी आलेली टेप आधी हाताने पुसून मगच लावायची असते ते मी करून देईन, पैसे नकोत.

आपला एक जुना वाचक,
भुसावळ