मुलांचे संघ लिलावाने नव्हे, बेरजेने पाडा

महोदय,

परीक्षा संपत आल्या की कोल्हापुरात चौकाचौकांत मुलांच्या सुट्टीतल्या स्पर्धांचे फलक लागतात. फुटबॉल असतोच, क्रिकेट असते, अलीकडे बॉक्स क्रिकेटही असते. गेल्या काही वर्षांत या फलकांवर एक नवी ओळ दिसू लागली आहे : ‘खेळाडूंचा भव्य लिलाव’. खाली वयोगट, १० ते १४ वर्षे. या वयाच्या मुलांचा लिलाव होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नुसता विरोध नोंदवायला मी लिहीत नाही. संघ पाडण्याची एक सोपी, बिनखर्चाची आणि न्यायाची रीत आहे. आमच्या कॉलनीच्या स्पर्धेत आम्ही ती वापरतो. यंदा इतरांनीही वापरावी, म्हणून हे पत्र.

मी साखर कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी केली. निवृत्तीनंतर कॉलनीतल्या पोरांच्या फुटबॉल स्पर्धेची वही माझ्याकडे आली. मी कधी मोठा खेळाडू नव्हतो. पण शाहू स्टेडियमवरचे तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहत वाढलेला पेठेतला माणूस आहे. पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा सामना असला की घरात जेवणाच्या वेळा बदलायच्या. तिथे संघ निष्ठेने ठरतो, पोरगा ज्या तालमीत वाढला त्या तालमीकडून खेळतो, आणि ते तसेच राहावे. सुट्टीतली मुलांची स्पर्धा मात्र वेगळी असते. तिथे संघ दर वर्षी नव्याने पाडायचे असतात आणि महिनाभराने ते मोडतात. म्हणून ते कसे पाडले, यावरच त्या महिन्याचे बरेवाईट ठरते.

लिलाव मोठ्यांना ठीक आहे. आयपीएलमध्ये तो २००८ पासून होतो, प्रो कबड्डीत २०१४ पासून. तिथला खेळाडू व्यावसायिक असतो, त्याचा करार होतो, संघाच्या खर्चाला मर्यादा असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थान रॉयल्सने अवघ्या १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांना घेतले. ते घरोघरी टीव्हीवर पाहिले गेले, आणि तेव्हापासून मुलांच्या लिलावात कुणाला काही वावगे वाटेनासे झाले आहे. पण वैभवची निवड मोठ्यांबरोबर मोठ्यांची स्पर्धा खेळण्यासाठी झाली. आमच्या गल्लीतला अकरा वर्षांचा पोरगा सुट्टीत चार दोस्तांबरोबर खेळायला येतो. त्याची किंमत माइकवरून पुकारण्याचे काहीच कारण नाही.

शहरातल्या एका कार्यालयात झालेला असा लिलाव मी शेवटपर्यंत बसून पाहिला आहे. पडद्यावर मुलाचा फोटो, बाजूला निवेदक, समोर संघमालकांची टेबले आणि मागे आईबाप. प्रत्येक संघाला ठरावीक गुण दिले होते, त्यांतून बोली लावायची. पहिल्या अर्ध्या तासातच चार-पाच चांगल्या पोरांवर गुण उधळले गेले. पुढे एकेका फोटोवर टेबले गप्प बसू लागली. एका मुलाच्या वेळी निवेदकाने तीनदा पुकारा केला, ‘अनसोल्ड’ म्हणाला आणि पुढचा फोटो लावला. तो मुलगा माझ्या पुढच्या रांगेत आईशेजारी बसला होता, पायात नवे कोरे स्टॉकिंग्ज घालून. त्याने वाकून स्टॉकिंग्ज खाली ओढले, आतले शिनगार्ड काढले आणि आईच्या पिशवीत टाकले. आईने काही विचारले नाही. उरलेली मुले शेवटी चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. त्याला संघ मिळाला. पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

एवढे करूनही संघ सारखे झाले असते तर एक वेळ समजू शकलो असतो. तसे होत नाही. ज्याला बोली लावायची अक्कल जास्त, त्याचा संघ तगडा होतो. मग सामने आठ-शून्य, नऊ-शून्य असे होतात. हरणाऱ्या संघातली मुले पुढच्या आठवड्यापासून येईनाशी होतात, आणि जिंकणारी पोरेही गोलकीपरला मधल्या फळीत पाठवून वेळ काढू लागतात.

आमच्या लहानपणी संघ पाडण्याची एक छान रीत होती. बरोबरीचे दोघे गळ्यात हात घालून बाजूला जायचे, गुपचूप नावे ठरवायचे आणि दोघा कप्तानांपुढे येऊन विचारायचे, ‘वाघ पाहिजे की सिंह?’ कप्तान नाव मागायचा, माणूस नाही. जोडी बरोबरीची असल्यामुळे दोन्हीकडची ताकद आपोआप सारखी व्हायची आणि कोणीही शेवटी उरायचे नाही. ही रीत दोन संघांपुरती उत्तम आहे. संघ चार किंवा सहा झाले की ती चालत नाही.

संघ जास्त असले की साधारणपणे प्रशिक्षक आळीपाळीने एकेक मुलगा निवडतात. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा आणि पुन्हा पहिला. यात पहिल्याचे कायम फावते. म्हणून काही जण नागमोडी क्रम घेतात : एका फेरीत एक ते चार, पुढच्या फेरीत चार ते एक. हे पुष्कळ बरे आहे, पण पुरेसे नाही. क्रम आधीच ठरलेला असतो आणि मुलांमधला फरक काही त्या क्रमाने येत नाही. कधी पहिली दोन मुले फार पुढे असतात आणि तिसऱ्यापासून सगळी सारखी. कधी पहिली सहा जण तोडीस तोड असतात. आधी ठरवलेल्या क्रमाला हे कळत नाही.

आमची रीत अशी. प्रत्येक मुलाला चाचणीत दहापैकी गुण. प्रत्येक फेरीत प्रत्येक संघाने एकच मुलगा घ्यायचा, म्हणजे संख्या सारखी राहते. फेरी संपली की सगळ्या संघांच्या गुणांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो पुढच्या फेरीत पहिला. त्याच्यापेक्षा थोडी जास्त तो दुसरा. ज्याची सर्वांत जास्त, तो शेवटी. दोघांची बेरीज सारखी असेल तर चिठ्ठी. संघ भरेपर्यंत हेच.

आकड्यांत दाखवतो, कारण आकड्यांशिवाय हे कुणाला पटत नाही. समजा चार संघ आहेत, सोळा मुले आहेत आणि त्यांचे गुण उतरत्या क्रमाने असे : १०, ९, ८, ६, ६, ६, ५, ५, ५, ४, ४, ३, ३, ३, २, २. प्रत्येक प्रशिक्षक उरलेल्यांतला चांगला मुलगा घेतो असे धरू. ठरलेल्या साध्या क्रमाने संघांची बेरीज २४, २२, १९ आणि १६ येते. पहिल्या आणि शेवटच्या संघात ८ गुणांचा फरक. नागमोडी क्रमाने २२, २०, २१ आणि १८ येते, फरक ४. आता बेरजेने पाहा. पहिल्या फेरीनंतर संघ १०, ९, ८, ६ वर आहेत. दुसरी फेरी उलटी जाते, इथवर नागमोडीसारखेच : १५, १४, १४, १२. तिसऱ्या फेरीत दोन्ही रीतींची फारकत होते. नागमोडी क्रम १५ वाल्याला पहिली निवड देतो. बेरीज म्हणते, चौथा संघ अजून १२ वरच आहे, पुन्हा त्यालाच पहिले घेऊ दे. तिसऱ्या फेरीअखेर एक संघ १७ वर आणि बाकी तिघे १८ वर येतात. चौथ्या फेरीनंतर तीन संघ २० वर आणि एक २१ वर. फरक फक्त १. मुले तीच, गुण तेच, फक्त पाळी कुणाची हे ठरवण्याची रीत वेगळी.

आम्ही हे कॉलनीच्या हॉलमध्ये फळ्यावर करतो. प्रत्येक संघाचा रकाना, खाली बेरीज, फेरीगणिक पुसून नवी लिहायची. मागे तिसऱ्या फेरीला एक तरुण प्रशिक्षक उठून म्हणाला, “काका, आता पाळी माझी. गेल्या खेपेला मी शेवटी घेतला.” मी त्याला फळा दाखवला : “तुझी बेरीज बघ आणि त्यांची बघ.” तो दोन क्षण फळ्याकडे बघत उभा राहिला, “बरोबर आहे” म्हणाला आणि बसला. सगळ्यांना दिसणाऱ्या बेरजेशी भांडण होत नाही, हे मी कारखान्यात ऊसबिलांच्या वेळीही पाहिले आहे.

या रीतीत आणखी एक मोठी अडचण सुटते. प्रशिक्षकाचा स्वतःचा मुलगा त्याच्याच संघात असणार, ते साहजिक आहे. तोच त्याला आणणार आणि नेणार. मग त्या मुलाचे गुण सुरुवातीलाच संघाच्या खात्यावर चढवायचे आणि तीच त्या संघाची पहिली निवड धरायची. मुलगा ९ गुणांचा असेल तर दुसऱ्या फेरीत बापाला बराच वेळ थांबावे लागेल. तसेच भावंडांचे. एका घरातली दोन पोरे दोन संघांत टाकली तर आईला एकाच संध्याकाळी दोन मैदाने गाठावी लागतात. त्यांना एकत्र द्यायचे, त्या दोन निवडी धरायच्या, दोघांचे गुण चढवायचे. पुढचे बेरीज बघून घेते. नाव उशिरा आलेला मुलगाही असाच : ज्या संघात जागा आहे आणि बेरीज कमी आहे, तिकडे.

कमकुवत संघाला आधी निवडू देण्याचा हा विचार जगात जुना आहे. अमेरिकेत एनएफएल या त्यांच्या वेगळ्या, ‘अमेरिकन फुटबॉल’च्या लीगमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी मांडलेल्या प्रस्तावावरून १९३६ पासून तळाच्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळू लागली. पण तिथे क्रम गेल्या हंगामाच्या निकालावरून ठरतो, आणि त्यातून नवाच प्रश्न उभा राहतो : पहिली निवड मिळावी म्हणून मुद्दाम हरायचे. बास्केटबॉलच्या एनबीएने म्हणूनच १९८५ मध्ये तळाच्या संघांत सोडत काढायला सुरुवात केली. मुलांच्या संघांना गेला हंगाम नसतोच. म्हणून आमचा क्रम मागच्या निकालावरून नाही, त्याच संध्याकाळच्या फळ्यावरून ठरतो. अमेरिकेतच १९६४ पासून मुलांचा फुटबॉल चालवणाऱ्या एवायएसओ या संस्थेच्या मूळ तत्त्वांत ‘प्रत्येकाने खेळायचे’ आणि ‘संघ समतोल’ ही दोन्ही आहेत. दुसऱ्याशिवाय पहिल्याला अर्थ राहत नाही, असे मला अनुभवाने वाटते. नऊ गोल खाणाऱ्या संघात पूर्ण वेळ मैदानात ठेवलेले पोरगे नावापुरतेच खेळत असते.

सगळ्यांत नाजूक जागा गुणांची. गुण चुकले की बेरीज चुकली. आमच्याकडे तीन जण गुण देतात, तिघांपैकी कोणीही प्रशिक्षक नसतो, ते एकमेकांचे कागद पाहत नाहीत, आणि तिघांतला मधला आकडा घेतला जातो. त्यामुळे एखाद्याने ओळखीच्या पोराला वाढवून किंवा पाडून दिले तरी फारसा फरक पडत नाही. चाचणीत धावणे आणि चेंडू नेणे तर पाहतोच. पण खरा अंदाज छोट्या सामन्यांतून येतो, पाच-पाचांच्या. वाढीच्या वयात नऊ-दहा महिन्यांचा फरकही अंगापिंडात दिसतो, म्हणून थोराड पोराला नुसत्या धक्क्याचे गुण देऊ नयेत, असे मी गुण देणाऱ्यांना बजावून सांगतो. चांगल्या मुलाला ‘चाचणीत जरा कमी खेळ’ असे शिकवणारेही भेटतात. त्यावर इलाज म्हणजे प्रशिक्षकांनी मिळून आधी संघ पाडायचे आणि कोणता संघ कुणाचा हे शेवटी चिठ्ठीने ठरवायचे. कुणाकडे काय येणार हेच ठाऊक नसले की लपवण्यात हशील राहत नाही. प्रशिक्षकाचा मुलगा ज्या संघात, तो संघ त्याचा, एवढाच अपवाद.

गोलकीपर मात्र वेगळे काढावेत. ते चारच असतील तर प्रत्येकाला एक आधी द्यावा आणि त्याचे गुण धरून पुढे जावे.

एक नियम आम्ही कधीच मोडत नाही. निवडीच्या वेळी मुले हॉलमध्ये नसतात, त्यांचे आईबापही नसतात. फळ्यावर मुलांची नावे नसतात, क्रमांक असतात. काम झाले की फळा पुसतो आणि गुणांचे कागद फाडतो. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकावर संघांची यादी लागते, आडनावांच्या अक्षरक्रमाने. कोण आधी निवडला गेला आणि कोण शेवटी, हे कोणत्याही पोराला कळत नाही, कळायची गरजही नाही.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तसे आणखी घडावेत असे सगळ्यांनाच वाटते. पण त्यासाठी आधी बाराव्या वर्षी मैदानावर येणारी पोरे तेराव्या वर्षीही यायला हवीत. सामना चुरशीचा झाला की ती येतात. गेल्या सुट्टीत आमच्याकडे बरेचसे सामने बरोबरीत किंवा एका गोलाच्या फरकाने सुटले, आणि शेवटच्या आठवड्यातही संघ पूर्ण भरून येत होते.

माझी विनंती दोघांना आहे. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी प्रवेश अर्जावरच, फी घेण्याआधी, संघ कसे पाडणार हे छापावे, म्हणजे पालकांना विचार करता येईल. आणि मुलांच्या स्पर्धेसाठी मैदान देणाऱ्या शाळांनी व महापालिकेने परवानगीच्या अटींत एक ओळ वाढवावी : चौदा वर्षांखालील मुलांचा जाहीर लिलाव होणार नाही. ज्या मंडळाला ही रीत करून पाहायची असेल त्यांनी एक फळा, खडू आणि बेरीज करणारा माणूस घेऊन बसावे. वीस मिनिटांत जमते.

आपला,
साखर कारखान्याच्या लेखा विभागातील एक निवृत्त कर्मचारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर