पश्चिमेची खिडकी

लायपझिगजवळून, जर्मनी
१८ जानेवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "तुझ्याकडे बसवल्या तशाच खिडक्या नव्या घराला लावतो, फक्त कोणत्या घ्यायच्या ते सांग." लेकरं मध्येच ओरडत होती, तुझा आवाजही तुटत होता, म्हणून "सांगते" म्हणून मी फोन ठेवला. पण तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर हे नीट बोलणं व्हायचं नाही, म्हणून लिहिते. आईला आणि वहिनीला वाचून दाखव. बाबांना आकड्यांची आवड आहे, त्यांच्या हाती कागदच दे.

आधी आमच्या खिडक्यांचं सांगते. हे घर १९३० च्या आसपासचं, विटांचं. खिडक्यांना दोन काचा होत्या. दोन काचांच्या मध्ये कडेने एक पट्टी असते, तिच्यावर बारीक अक्षरात साल छापलेलं असतं. आमच्या पट्टीवर १९९१ होतं. पाहणीला आलेल्या माणसाने तेवढं वाचलं आणि मान हलवली. त्या काळच्या काचांना उष्णता परत फिरवणारा थर नसायचा म्हणे. बाहेर उणे ५ आणि घरात २० अंश असले की आतली काच ११ अंशांवर यायची. भाताची वाफ, अंघोळीची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, सगळ्यांचं पाणी त्या काचेवर उतरायचं. दोन हिवाळे मी रोज सकाळी फडकं घेऊन काचा पुसल्या, तरी चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलीच.

खिडकी मोजायचा इथला आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू. आत-बाहेर एका अंशाचा फरक असला, तर एक चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता निसटते तो हा आकडा. कमी असेल तितका चांगला. आपल्याकडच्या एकेरी काचेचा जवळपास ५.८, आमच्या जुन्या दुहेरीचा २.८, आणि आता बसवलेल्या तीन काचांचा ०.६. म्हणजे त्याच थंडीत मीटरभर काचेतून आधी ७० वॉट बाहेर जायचे, आता १५. आतली काच हात लावून बघितली तर आधीसारखी गार लागत नाही.

नुसत्या तिसऱ्या काचेने हे होत नाही. तीनही काचा ४-४ मिलिमीटरच्या, दोन्ही पोकळ्यांत आर्गॉन वायू भरलेला, आणि दोन काचांवर डोळ्याला न दिसणारा चांदीचा पातळ थर. तो थर खरोखर आहे का, हे मी घरीच तपासलं. रात्री पेटती मेणबत्ती काचेसमोर धरली की ज्योतीची सहा प्रतिबिंबं दिसतात, आणि थर जिथे असेल तिथलं प्रतिबिंब वेगळ्या रंगाचं असतं. सहातली दोन वेगळी दिसली तेव्हा मला फार बरं वाटलं. वजन मात्र भयंकर, चौरस मीटरला नुसत्या काचेचंच ३० किलो.

निवडताना एका ठिकाणी फसता फसता वाचलो. एका विक्रेत्याने कागदावर मोठ्या अक्षरात ०.५ लिहून दिलं होतं. तो आकडा फक्त काचेचा निघाला. चौकट धरून पूर्ण खिडकीचा आकडा त्यापेक्षा बराच जास्त होता. सरकार इथे खर्चाच्या १५ टक्के परत देतं, पण पूर्ण खिडकी ०.९५ च्या आत बसली तरच, आणि अर्ज कामाच्या आधी केला तरच. आणखी एक गोष्ट त्या पाहणीवाल्याने बजावली. भिंत उघडी थंड असेल आणि खिडकी एकदम चांगली बसवली, तर पाणी काच सोडून भिंतीच्या कोपऱ्यात धरतं आणि बुरशी तिथे येते. आमच्या भिंतींना आधीच्या मालकाने बाहेरून जाड आवरण केलेलं होतं, म्हणून आम्ही तीन काचा घेतल्या. शिवाय सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, हा नेम कितीही थंडी असली तरी मोडत नाही.

आता तुझं. वणीच्या ॲल्युमिनियमवाल्याने काढून दिलेलं चित्र तू पाठवलंस. हॉलला रस्त्याच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेला, आठ बाय पाच फुटांची सरकती काच. दिसायला सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. रस्त्यावरून जाणाऱ्याने घराकडे बघावं, हे तुझ्या मनात आहे तेही मला कळतं. इतक्या वर्षांच्या कष्टाचं घर आहे ते. पण दादा, आपल्याकडे मे महिन्यात सूर्य दुपारी डोक्यावर असतो आणि मग पश्चिमेला, तेही थोडा उत्तरेकडे झुकून उतरतो. चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर मीटरला पाचशे वॉटच्या वर ऊन पडतं, आणि साधी काच त्यातलं बहुतेक सगळं आत सोडते. त्या आठ बाय पाचच्या काचेमागे रोज दुपारी दीड हजार वॉटची शेगडी पेटवल्यासारखं होईल.

"मग तीन काचा लावू," असं तू म्हणशील. हिशेब करून बघ. बाहेर ४५, कूलरच्या खोलीत ३३. या बारा अंशांच्या फरकाने साध्या काचेतून मीटरला ७० वॉट आत येतात. तीन काचांनी त्यातले साठेक वाचतील. पण उन्हाचे जे चारशे आत शिरतात, त्यातले निम्म्याहून जास्त तीन काचांतूनही शिरतातच. आमच्या इथे तेच ऊन हवं असतं. डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, दक्षिणेच्या काचेतून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचतो आणि धाकटी त्याच चौकोनात बसून चित्रं काढते. तुमच्याकडे आईची खोली पश्चिमेला धरली असेल, तर तेच ऊन तिच्या पलंगावर येईल.

आणि कूलर! कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, ती हवा दुसरीकडून निघाली पाहिजे. हवाबंद खिडक्यांच्या खोलीत तासाभरात सगळं दमट होईल, अंगाला चिकचिक होईल आणि गारवा वाटणार नाही. एवढा महाग माल घेऊन शेवटी तू खिडकी उघडीच ठेवशील.

इथले लोकसुद्धा उन्हाळ्यात काचेवर विसंबत नाहीत. खिडकीच्या बाहेरून गुंडाळी झडप असते, ऊन आलं की ती खाली ओढतात. आतला पडदा फारसा कामाचा नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं. आजी काय करायची आठव. नवतपा, मे अखेरचे ते तापते नऊ दिवस, लागला की ओसरीला वाळ्याची ताटी बांधायची आणि दर तासाला पाणी मारायची. ऊन बाहेर अडायचं, हवा आत यायची. मातीच्या भिंती, वर कवेलू आणि हातभर खिडकी, तरी दुपारी आपण तिथे झोपायचो.

म्हणून माझं म्हणणं असं. रस्त्याच्या बाजूने आठ फुटांची ओसरी काढ. घराला शोभा तिनेच येईल, बाबांना बसायला जागाही होईल. तिच्या मागे खिडकी तीन बाय चारची पुरे. साडेतीन-चारनंतर ऊन ओसरीखालून घुसतं, त्यासाठी बांबूची चटई वरून सोडता येईल अशी कर. दक्षिणेला मोठी खिडकी ठेव, तिथे दोन फुटांचा सज्जा पुरतो. खिडक्या सरकत्या नको, त्या अर्ध्याच उघडतात. पल्ल्यांच्या कर, म्हणजे रात्रीची हवा पुरी येईल. चौकट जमलं तर सागाची. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपट उष्णता वाहतं. कूलरच्या समोरच्या भिंतीत हवा निघायला जाळीची खिडकी विसरू नको. वाचलेल्या पैशातून स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मार.

त्या माणसाला अजून ॲडव्हान्स दिला नसेल तर थांबव. दिला असेल तरी माप बदलून घे, काच कापली नसेल तोवर होतं. घराचा नकाशा दिशा लिहून पाठव, आईची खोली कुठे धरली आहे ते मला चित्रावरून कळलं नाही. तीही पश्चिमेलाच असेल तर तिथे जिना किंवा कोठी घे आणि तिला पूर्वेची दे.

तूर निघाली का? कापसाची शेवटची वेचणी राहिली होती, ती झाली असेल. आई-बाबांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
बेबी