खर्च करू की बचत करू? अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

मा. अर्थमंत्री,
(विकसनशील म्हणवणाऱ्या कुठल्याही देशाचे असा, पत्र तुम्हालाच आहे.)

मंदी आली की तुम्ही म्हणता लोक खर्चच करत नाहीयेत, आणि घराघरातली कर्जं वाढली की तुम्हीच म्हणता लोकांची बचतीची सवय मोडली. आम्ही नेमकं करायचं तरी काय?

माझ्याच घरचं सांगतो. वडिलांचं ऑपरेशन झालं, एफडी मोडून बिल भरलं. तेव्हापासून नव्या वॉशिंग मशीनचा विषय निघाला की आई एवढंच विचारते, "परत दवाखाना लागला तर?" जुन्या मशीनचा ड्रायर बंद आहे, कपडे हातानेच पिळतो, पगार तेवढाच आहे पण आरडी मात्र दुप्पट केलीये. तुमच्या तक्त्यात ही बचत वाढलेली दिसत असणार, आणि कुणीतरी त्यावर खूशही होत असेल.

चीनमध्ये हेच अवाढव्य प्रमाणावर झालं. २००८ च्या आसपास तिथली एकूण बचत जीडीपीच्या निम्म्यावर गेली होती, आणि घरगुती खर्चाचा वाटा आजही चाळीस टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय. त्यात कंपन्यांची बचतही आली म्हणा, पण घरातल्या माणसाचं बघा. तिथे 'हुकौ' नावाची रहिवासाची सरकारी नोंद असते आणि सरकारी सोयी त्या नोंदीच्या ठिकाणीच मिळतात. गावच्या नोंदीवर शहरात राबणाऱ्या मजुराला शहरातली शाळा, दवाखाना, पेन्शन सहज मिळत नाही, मग तो पैसे गाठीला बांधणार नाही तर काय करणार? २००७ मध्ये तिथले पंतप्रधान वेन च्यापाओ स्वतःच म्हणाले होते की ही वाढ असंतुलित आहे आणि अशी टिकणार नाही. कळत होतं, तरी वळायला किती वर्षं लागली बघा.

बरं, बचत भरपूर आहे म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. थायलंड एकूण देश म्हणून उत्पन्नाचा तिसरा हिस्सा वाचवत होता, पण १९९६ मध्ये गुंतवणूक जीडीपीच्या चाळीस टक्क्यांवर गेलेली, मग मधली फट परदेशी कर्जाने भरली, तेही बरंचसं अल्प मुदतीचं आणि डॉलरमधलं. २ जुलै १९९७ ला बाथ, म्हणजे तिथलं चलन, सरकारने धरून ठेवलेला दर सोडून बाजाराच्या भरवशावर मोकळा सोडावा लागला आणि तो धडाधड कोसळला. बँकॉकमधला साथोर्न युनिक टॉवर त्याच वर्षी काम थांबून अर्धवट राहिला, पन्नासेक मजल्यांचा सांगाडा, वर्षानुवर्षं तसाच उभा. जीडीपीत ते सगळं सिमेंट 'गुंतवणूक' म्हणूनच मोजलं गेलं होतं ना?

म्हणून तुम्ही भाषणात गुंतवणुकीचा टक्का सांगता तेव्हा मला साधा भागाकार आठवतो. एक रुपया जादा उत्पादनाला पाच रुपयांची गुंतवणूक लागत असेल तर तीस टक्के गुंतवणुकीत सहा टक्के वाढ मिळते. तीच पाचाची सात झाली तर पस्तीस टक्के ओतूनही पाचच. म्हणजे लोकांचा घास कमी करून जास्त पैसा लावला आणि हाती आलं कमी.

उलटं टोक ब्राझीलचं, बचत बेताची, खर्च आणि उधारी जोरात. कच्च्या मालाचे भाव पडले, राजकारणही विस्कटलं, आणि २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अर्थव्यवस्था तीन टक्क्यांहून जास्त आकसली.

तेव्हा पुढच्या बजेटमध्ये आम्हाला खर्चाचा किंवा काटकसरीचा सल्ला नको. दोन आकडे तेवढे वाचून दाखवा. दवाखान्याच्या बिलातला किती हिस्सा लोक स्वतःच्या खिशातून भरतात आणि तो तुम्ही किती कमी करणार, हा एक. आणि गेल्या पाच वर्षांत पैसे घातलेल्या प्रकल्पांपैकी किती सुरू झाले, किती नुसते सांगाडे आहेत, हा दुसरा. वॉशिंग मशीनचं आम्ही त्यानंतर बघू.

आपला,
एक पगारदार